बाप्यांनी केलेलं बारसं

मास्तर गेले तेव्हा माझा नवरा रडला. आमची मुलगी गेली तेव्हा तो रडला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिलं तर ते नाइलाजाने लिहिलंय हे ध्यानात राहील, आणि वाईट लिहिलं तर माझ्या पोटात का दुखत होतं तेही कळेल.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मुंबईत बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, ते त्यातले. सगळी नोकरी उभ्याने काढली, आणि रिटायर झाल्यावरही त्यांना बसता येईना. भोईवाड्यात आमच्या बिल्डिंगच्या मागे चाळ आहे, तिथे तळमजल्यावर त्यांची खोली होती. बायको वारलेली, मुलगा परदेशात. खोलीच्या मधोमध छताखाली त्यांनी एक लोखंडी दांडा बसवून घेतला होता, बसमध्ये धरायला असतो तसा. एका हाताने तो धरून ते चहा प्यायचे, पेपर वाचायचे, फोनवर बोलायचे. जेवायचेही उभ्यानेच, ताट फ्रिजवर ठेवून. कोणी म्हटलं, मास्तर, बसा की जरा, तर म्हणायचे, "माझो स्टॉप अजून येवक नाय."

दारात एकटा माणूस उभा असला तरी ते ओरडायचे, "पुढे सरका, आत जागा आहे." दाराजवळ दोरीला बांधलेली घंटा होती. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटा. दूधवाल्यालाही दोन टोले मिळायचे. आणि भिंतीला लागून एक खुर्ची होती, तिच्या पाठीवर लाल रंगात लिहिलेलं, 'स्त्रियांसाठी राखीव'. त्या खोलीत बाई म्हणून कधी पाऊल टाकायची नाही. पुरुष बाकड्यावर, जमिनीवर, उपड्या बादलीवर बसतील, पण त्या खुर्चीला कोणी पाठ टेकली की मास्तर खांद्याला हात लावून त्याला उठवायचे.

तर अशा माणसाचा मी हेवा केला. साधासुधा नाही, भाजीत तिखट जास्त पडेल इतका.

त्यांच्या मुलाने त्यांना एक कॉम्प्युटर आणि गाडीचं असतं तसं स्टिअरिंग पाठवलं होतं. ट्रक चालवण्याचा गेम. मुलगा तिकडून खेळायचा, हे इकडून, आणि दोघांचे ट्रक कुठल्यातरी परदेशी रस्त्यावरून एकामागोमाग एक जायचे. जाता जाता दोघे बोलायचे. मग मुलाला काम वाढलं, पुढच्या रविवारी बाबा, पुढच्या रविवारी, असं होत गेलं. मास्तर बरेच रविवार ट्रक रस्त्याच्या कडेला लावून त्याची वाट बघत राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी चाळीतल्या दोघांना बोलावलं. लालबागला एक सायबर कॅफे बंद होत होतं, तिथले जुने कॉम्प्युटर आणले. दर रविवारी तीन ते सहा. नाव ठेवलं 'बापांची फेरी'. प्रवेश फक्त बापांना.

गंमत अशी की त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. आमचे सगळे डावीकडून चालवायचे. पहिली दहा मिनिटं नुसते धडाधड आपटायचे. मास्तर दांडा धरून ओरडायचे, "अरे मेल्या, खंय चाललंस? समोरून लोक येतत!" त्या गावांची नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून कोकणच्या रस्त्यावरची नावं लावली, घाट लागला की तो कशेडी, पूल आला की खारेपाटण. बर्फाने भरलेल्या कशेडी घाटातून आमच्या परळचे पाच बाप हेडफोन लावून गावी निघाल्यासारखे चाललेले असायचे.

आणि बोलायचे. तेच तर दुखणं होतं.

मास्तरांचे नियम तीन होते. एकमेकांकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. सल्ला द्यायचा नाही. जो देईल त्याला एक टोला, म्हणजे त्याने ट्रक बाजूला घेऊन उभं राहायचं. आणि तिसरा, सुट्टं बोलायचं. भोईवाडा कोर्टातला एक शिपाई त्यांच्यात होता. तो एकदा म्हणाला, "मास्तर, पोरगा हाताबाहेर गेला माझ्या." मास्तर म्हणाले, "ही मोठी नोट झाली. सुट्टे दे." शिपायाने एक वळण घेतलं. मग म्हणाला, "काल मी घरी आलो, तर तो ताट घेऊन आत जाऊन बसला."

"आधी खंय बसायचो?"

"माझ्या बाजूला. माझ्या पानातली कोलंबी उचलायचा."

"हां. हे सुट्टे."

पाच ट्रक चालत राहिले. दोन किलोमीटरांनी दुसरा एकजण म्हणाला, "माझा पण आतच जाऊन बसतो." बस्स, एवढंच. यासाठी लोक आठवडाभर रविवारची वाट बघायचे.

हे सगळं मला खूप नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की माझा नवरा रविवारी दुपारी जेवून बाहेर पडतो आणि संध्याकाळी येतो. तो लिफ्टच्या मेन्टेनन्सला आहे. लिफ्ट कुठेही, केव्हाही बंद पडते, म्हणून मी कधी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्यात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. गॅस संपला, पाणी आलं, आईचा फोन होता, असं आमचं बोलणं.

आमची मुलगी नऊ दिवस जगली. काचेच्या पेटीत होती. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. फणसवाडीला माझ्या आईने कुंची शिवून ठेवली होती, पाळणा सांगून ठेवला होता. हॉस्पिटलच्या कागदावर तिचं नाव म्हणजे माझंच नाव होतं, पुढे 'बेबी ऑफ' लावलेलं. त्याशिवाय तिला दुसरं नाव मिळालं नाही. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, नाव ठेवलं नव्हतं ते बरंच झालं, नाहीतर जीव आणखी अडकला असता. मी मान हलवली. नवरा तेव्हा दाराशी चपला नीट लावत उभा होता. चपला लावून झाल्या तरी तो तिथेच वाकून राहिला. त्यानंतर चार वर्षं त्याने तिचा विषय काढला नाही, आणि मी काढला की तो उठून जायचा.

एक दिवस भाजीवाल्यापाशी त्या शिपायाची बायको भेटली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचं बरं आहे हो, मास्तरांच्या बापांच्या फेरीत बोलतात तरी. आमचे घरी येऊन सांगतात, काय बोलला आज, काय बोलला."

मी म्हटलं, "कोण? माझे मिस्टर?"

"मग काय. आणि घुगऱ्या खारट झाल्या का हो त्या दिवशी? बारशाच्या? मीच शिजवून दिल्या होत्या."

"कोणाचं बारसं?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग कोथिंबिरीकडे. "अगं बाई," एवढंच म्हणाली, हातातली जुडी माझ्याच पिशवीत टाकली आणि गेली.

मी मूर्ख नाही. घरी पोचेपर्यंत मला सगळं उमगलं होतं. आणि तेव्हा मला जे झालं ते दुःख नव्हतं, ते मी नीट ओळखते. तो निव्वळ जळफळाट होता. माझ्या मुलीचं नाव ठेवलं गेलं होतं. घुगऱ्या वाटल्या गेल्या होत्या. बारसं म्हणजे बायकांचा समारंभ, पुरुष बाहेर उभे राहून पेढे खातात. इथे सगळे पुरुष आत होते आणि मी, तिची आई, तिला पोटात वाढवलेली, भाजीवाल्याकडे उभी होते. शिवाय तो बापांच्या मंडळात जात होता. म्हणजे तो स्वतःला बाप समजत होता. मला कोणी आई म्हणून कुठे बोलावलं होतं?

रविवारी साडेतीनला मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आत पाच पाठी, पाच हेडफोन. तिसरी पाठ माझ्या नवऱ्याची. तो कशावर तरी हसत होता. त्याचं हसणं मी विसरले होते.

"या ताई, पुढे सरका, आत जागा आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी दांडा न सोडता ती खुर्ची ओढली, खांद्यावरच्या पंच्याने पुसली. मी बसले नाही.

"माझ्या मुलीचं नाव काय ठेवलंत?"

मास्तरांनी दांडा सोडला. लोक म्हणतात त्यांना दांडा सोडून चालताना कोणी फारसं बघितलं नाही. ते एका ढांगेत माझ्या नवऱ्याच्या स्क्रीनपुढे जाऊन उभे राहिले. त्या गेममध्ये ट्रकच्या कपाळावर नाव घालता येतं आणि सगळ्यांनी आपापल्या पोरांची घातली होती. ते मला दिसू नये म्हणून ते आडवे आले. नवरा ओरडला, "मास्तर, रस्ता दिसत नाय मला," आणि त्याचा ट्रक कशावर तरी आपटल्याचा आवाज झाला.

"मी नाही सांगणार, ताई," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"इथे पाच जणांना ठाऊक आहे आणि मला नाही."

"सहा जणांना. मी पण आहे." मग म्हणाले, "माझ्या तोंडून ऐकलंत तर जन्मभर त्यात माझा आवाज येत राहील तुम्हाला. त्याच्या तोंडून ऐका."

"तो माझ्याशी बोलत नाही."

"तुम्ही बोलता तेव्हा बसता कुठे?"

"त्याच्यासमोर. आणखी कुठे बसणार?"

"तेच ना. गाडीच्या समोर उभं राहिलात तर तो ब्रेकच मारणार. बाजूच्या सीटवर बसा."

मी म्हटलं, "मला शिकवू नका. तुम्ही कंडक्टर आहात."

हे वाक्य आजही आठवलं की मला माझी लाज वाटते. त्यांना मात्र काही वाटलं नाही. "व्हय," ते म्हणाले, "कंडक्टरच." तोवर नवऱ्याने हेडफोन काढून मागे वळून बघितलं होतं. मी निघून आले.

तीन दिवस आम्ही दोघेही त्याबद्दल बोललो नाही. गुरुवारी त्याला सुट्टी होती. मी म्हटलं, आईकडे जाऊन येऊ. बसमध्ये पुढची सीट मिळाली, समोर मोठी काच. मी खिडकीशी बसले, तो बाजूला. दोघांनाही समोरचा रस्ता. मी मास्तरांची युक्ती वापरत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि आवडत नव्हतं. पण चोरीची असली तरी वस्तू कामाची होती.

रस्त्याकडे बघत मी विचारलं, "तिथे पहिल्यांदा कशाला गेलास?"

लालबागचा पूल येईपर्यंत तो तिकिटाच्या घड्या घालत राहिला. मग म्हणाला, "स्विच ट्रिप होत होता त्यांचा. करून दिला. मास्तर म्हणाले, बाप आहेस का? मी म्हटलं, नऊ दिवस होतो."

"मग?"

"म्हणाले, मग बस."

पुढे तो बोलत राहिला. मी मान वळवली नाही. सगळ्यांच्या ट्रकांना नावं होती, त्याच्या ट्रकचं कपाळ दोन महिने कोरं. मास्तरांनी विचारलं, गाडीला नाव नाही? हा म्हणाला, ठेवलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, मग ठेवूया. पण बारसं कसं करतात हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. जन्मभर बाहेर उभं राहून पेढे खाल्लेले. दांड्याला चादरीची झोळी बांधली. झोळीत वरवंटा, मास्तरांच्या खाकी शर्टात गुंडाळलेला. कोणीतरी म्हणालं, नाव आत्या सांगते. आत्या कुठून आणायची? मास्तर आत्या झाले. कानात नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालतात एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात होतं. पाच जणांनी ते इतक्या मनापासून घातले की चार दिवस मास्तरांच्या पाठीला बाम लावावा लागला. पाळणा म्हणायचा असतो, तो कोणाला येत नव्हता. बहुतेकांना येत होती ती एकच गोष्ट, गणपतीची आरती. म्हणून टाळ्या वाजवून आरती म्हटली. एकाच्या घरी आरती म्हणत नाहीत, त्याने बाजूला हात जोडून बुद्धाचं त्रिसरण म्हटलं.

मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सगळं चुकवलंत," मी म्हटलं. "आरती कोण म्हणतं बारशाला? आणि आईच्या जागी कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. मास्तरांनी ती लेडीजची खुर्ची झोळीजवळ ओढली. एकजण बसायला गेला तर म्हणाले, दिसत नाय? ही सीट भरलेली आहे."

भायखळा गेलं, ऑपेरा हाऊस गेलं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस. मग मी तुला सांभाळत बसलो असतो. मला एक दिवस कोणाला सांभाळायचं नव्हतं."

हे ऐकून राग यायला हवा होता, पण आला नाही. ठाकूरद्वारला उतरायचं होतं, आम्ही उतरलो नाही. पुढच्या स्टॉपच्या थोडं आधी त्याने मला नाव सांगितलं. सुंदर नाव होतं, आणि सुंदर होतं याचाही मला थोडा राग आलाच. माझ्याकडेही एक नाव होतं. सातव्या महिन्यापासून पोटावर हात ठेवून मी तिला त्याच नावाने हाक मारत होते. मुलींना दोन नावं असतातच, एक पाळण्यातलं, एक हाकेचं. पण ते मी त्या दिवशी त्याला सांगितलं नाही. तू मला चार वर्षं ठेवलंस बाहेर, आता तूही थांब थोडा, असं काहीतरी माझ्या मनात होतं. सूडच म्हणा ना.

त्यानंतर आमचं घर बोलकं झालं असं नाही. रविवारी तो जायचाच. फक्त आल्यावर बाल्कनीत माझ्या शेजारी उभा राहायचा आणि समोरच्या बिल्डिंगकडे बघत दोनचार वाक्यं बोलायचा. मी ती साठवून ठेवायचे आणि तरीही मनात यायचं, तिथे याहून जास्त बोलला असेल.

दोन वर्षांनी मास्तरांच्या पोटात काहीतरी निघालं. परळच्याच हॉस्पिटलात ठेवलं. फेरीतल्या बापांनी पाळ्या लावून घेतल्या. एका संध्याकाळी नवऱ्याची पाळी होती आणि त्याला लिफ्टचा कॉल आला, म्हणून पेज घेऊन मी गेले. मास्तर पहिल्यांदाच आडवे दिसले. इतके लहान होते ते, हे मला ठाऊक नव्हतं. पलंगाच्या वरच्या सळईला एका हाताने धरून पडले होते.

मी चमच्याने पेज भरवली. मग स्टूल ओढून त्यांच्या बाजूला बसले, समोर सलाईनची बाटली होती तिच्याकडे बघत. आणि कसं ते मला आजही सांगता येणार नाही, मी त्यांना माझं नाव सांगून टाकलं. म्हणजे तिचं, मी ठेवलेलं.

त्यांनी ते एकदा हळूच म्हणून बघितलं. मग विचारलं, "त्याका सांगितलंत?"

"नाही."

"मग माका कित्याक?"

"तुम्हाला सांगायला सोपं गेलं."

मास्तरांनी सळईवरचा हात बदलला. "माझ्या झिलाचा पण तसाच असतला," ते परदेशातल्या मुलाबद्दल म्हणाले. "कोणाकतरी सांगत असात थंय. माझ्याकडे फोन करता नि पाऊस पडता काय इचारता." आणि मग, आमच्या भाषेत, "सोपं होतं म्हणून तो माझ्याकडे बोलला, ताई. मी जास्त जवळचा म्हणून नव्हे. तुम्ही उगीच जळत होतात."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चार दिवसांनी ते गेले. भोईवाड्याच्या स्मशानातून लोक परतले, तेव्हा नवरा वर घरात आलाच नाही. मी खाली गेले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून तो रडत होता, ओठ दाबून नव्हे, लहान मुलासारखा मोठ्याने. मी आधी समोर जाऊन उभी राहणार होते. मग बाजूला, त्याच पायरीवर बसले. आम्ही दोघं मागच्या चाळीच्या फाटकाकडे बघत राहिलो. त्याचं रडणं जरा ओसरल्यावर मी म्हणाले, "माझ्याकडे पण एक नाव आहे तिचं. पहिल्यापासून. मास्तरांना सांगितलं होतं, हॉस्पिटलात."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. डोळे लाल, नाक वाहत होतं, आणि त्या सगळ्यातून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बरोबर ओळखलं. इतकी वर्षं ते माझ्याच चेहऱ्यावर होतं.

"त्यांना सांगितलंस?" तो म्हणाला. "मला नाही?"

"तू कुठे विचारलंस?"

वरून कोणीतरी बादली घेऊन उतरलं. आम्ही पाय बाजूला घेतले, ते गेलं. मग त्याने विचारलं.